दोन तारांवर चार निरोप

एका फळीवर दोन बटणे बसवलेली आहेत, एक तांबडे आणि एक हिरवे. काही अंतरावरच्या दुसऱ्या फळीवर त्याच दोन रंगांचे दोन दिवे आहेत. आणि या दोन फळ्यांना जोडणाऱ्या तारा केवळ दोनच आहेत. बटणांच्या फळीवर विजेचा पुरवठा, तांबडे बटण आणि हिरवे बटण एकापुढे एक जोडलेले आहेत, दिव्यांच्या फळीवर तांबडा दिवा आणि हिरवा दिवा तसेच एकापुढे एक आहेत, म्हणजे सगळे मिळून एकच कडे तयार झाले आहे. अट अशी, की तांबडे बटण चालू केल्यावर केवळ तांबडा दिवा लागला पाहिजे, हिरव्या बटणाने केवळ हिरवा, दोन्ही चालू असताना दोन्ही लागले पाहिजेत आणि दोन्ही बंद असताना अंधार झाला पाहिजे. रिमोट, चिप, संगणक यांपैकी काहीही वापरायचे नाही; विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात सुटे मिळणारे साधे घटक तेवढे वापरायचे. भौतिकशास्त्राचे शिक्षक हे कोडे दीर्घकाळ विद्यार्थ्यांपुढे मांडत आले आहेत, आणि फळीवरची जोडणी पाहणाऱ्याला ते प्रथमदर्शनी अशक्य वाटते, यातच त्याचे मोल आहे.

ते अशक्य का वाटते, हे समजण्यासाठी विद्युत परिपथ म्हणजे काय, याची उजळणी आवश्यक आहे. विजेच्या स्रोताच्या एका टोकापासून निघून तारा, बटणे, दिवे यांतून जाऊन त्याच स्रोताच्या दुसऱ्या टोकाला परत मिळणारी अखंड वाट म्हणजे परिपथ, आणि ही वाट कोठेही तुटली तर संपूर्ण वाटेवरचा प्रवाह थांबतो. घटक एकापुढे एक जोडले, तर त्या जोडणीला एकसर जोडणी म्हणतात. प्रत्येक घटकाला स्वतंत्र फाटा दिला, तर ती समांतर जोडणी होते. गणपतीच्या आराशीतील जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळा एकसर जोडणीच्या असत. ६ व्होल्टचे सुमारे ३८ दिवे एकापुढे एक ओवले, की २३० व्होल्टचा घरगुती दाब त्यांच्यात वाटला जातो. पण त्यांपैकी एक दिवा उडाला, की संपूर्ण माळ विझते आणि दोषी दिवा शोधत बसावे लागते. कोड्यातील दिवेही एकसर जोडलेले आहेत आणि बटणेही, तेव्हा एक बटण बंद असताना दुसऱ्या बटणाचा दिवा पेटेलच कसा, ही शंका रास्तच आहे.

परिपथाची ही मूलभूत कल्पना सोपी असली, तरी ती मनात पक्की बसलेली असते असे मात्र नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसारित झालेल्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या माहितीपटात, एमआयटी या ख्यातनाम संस्थेतून पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती एक विद्युतघट, एक टॉर्चचा बल्ब आणि एक तार देऊन बल्ब लावून दाखवण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेकांना ते साधले नाही. बल्बला विजेची दोन टोके असतात, एक बुडाशी आणि दुसरे बाजूच्या धातूच्या आट्यांवर, आणि प्रवाह एका टोकाने आत शिरून तापून उजळणाऱ्या बारीक तारेतून, म्हणजे कुंतलातून, दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा लागतो, हे ध्यानात घेतले, की उत्तर हाती येते: बल्बचे बूड घटाच्या एका टोकावर टेकवायचे आणि घटाचे दुसरे टोक तारेने बल्बच्या आट्यांना जोडायचे. परिपथाची समीकरणे येऊनही वाट डोळ्यांपुढे उभी न राहणे, ही विज्ञान शिक्षणातली खरी उणीव आहे, आणि दिव्यांची कोडी नेमकी तिच्यावर बोट ठेवतात.

ही कोडी सोडवताना बहुतेकांचा हात आधी तारांकडे जातो: ही तार येथे जोडून पाहावी, ती तेथे. त्यापेक्षा एक निराळा प्रश्न आधी विचारणे हिताचे असते, तो म्हणजे, किती निरनिराळ्या स्थिती हव्या आहेत आणि उपलब्ध वाटेवर किती निरनिराळ्या स्थिती संभवतात? कोड्यात दोन दिवे आहेत आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था आहेत, म्हणून एकूण स्थिती चार: दोन्ही बंद, केवळ तांबडा, केवळ हिरवा, दोन्ही चालू. याचा अर्थ बटणांच्या फळीकडून दिव्यांच्या फळीकडे चार वेगवेगळे निरोप पोहोचले पाहिजेत. आता कड्यात एखादी बॅटरी बसवली आहे असे समजावे. बॅटरीतून मिळणारी धारा दिष्ट असते, म्हणजे ती सदैव एकाच दिशेने वाहते. त्यामुळे दोन तारांवर धारा आहे आणि धारा नाही, असे दोनच निरोप संभवतात. दोन निरोपांतून चार अर्थ निघू शकत नाहीत, म्हणून नुसती बॅटरी, बटणे आणि दिवे यांच्या बळावर हे कोडे सुटणार नाही, हे एकही तार न जोडता सिद्ध होते. कोणता मार्ग बंद आहे हे कळणे ही अर्धी उकल असते, कारण कोणती गोष्ट वाढवावी लागेल हेही त्यातूनच स्पष्ट होते: वाटेवरच्या निरोपांची संख्या वाढली पाहिजे.

हीच रीत दुसऱ्या एका प्रसिद्ध कोड्यालाही लागू पडते. बंद खोलीत एक दिवा, बाहेर तीन बटणे, त्यांपैकी एकच खरे, आणि खोलीत एकदाच जाऊन ते ओळखायचे, असे ते कोडे आहे. दिवा लागलेला किंवा विझलेला या दोन खुणा तीन बटणांना पुरत नाहीत, म्हणून तिसरी खूण शोधावी लागते. ती उष्णतेत सापडते: पहिले बटण काही मिनिटे चालू ठेवून बंद करायचे, दुसरे चालू करून आत जायचे, आणि दिवा विझलेला पण गरम असेल तर पहिले बटण खरे ठरवायचे. कुंतलाचा दिवा मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने सोडतो, म्हणून ही खूण भरवशाची ठरते.

मोजणीच्या या रीतीचा सर्वांत सुंदर नमुना मात्र बहुतेक घरांत रोज वापरला जातो, तो म्हणजे जिन्याचा दिवा. जिन्याच्या खाली एक बटण आणि वर एक बटण असावे आणि कोणतेही बटण कोणत्याही वेळी दाबले, तरी दिव्याची अवस्था बदलावी, ही अपेक्षा. दोन साधी बटणे एकसर जोडली, तर बटणांच्या चार स्थितींपैकी एकाच स्थितीत, दोन्ही चालू असताना, दिवा लागतो. समांतर जोडली, तर तीन स्थितींत लागतो. दोन्ही जोडण्या निकामी ठरतात, कारण प्रत्येक दाबासरशी दिवा पालटायचा असेल, तर चारांपैकी बरोबर दोन स्थितींत तो लागलेला आणि दोन स्थितींत विझलेला असणे भाग आहे. हे साधण्यासाठी वायरमन ज्याला टू-वे स्विच म्हणतात ते बटण वापरावे लागते. बाहेरून ते साध्या बटणासारखेच दिसते, पण उलटे करून पाहिले तर त्याच्या पाठीवर दोनऐवजी तीन स्क्रू आढळतात: मधला सामाईक, ज्याला कॉमन म्हणतात, आणि दोन बाजूंचे दोन. हे बटण वाट तोडून थांबत नाही. ते कॉमनला कधी एका बाजूच्या तारेशी, तर कधी दुसऱ्या बाजूच्या तारेशी जोडते.

खालच्या बटणाच्या कॉमनला फेज, म्हणजे दाब असलेली तार, द्यायची. खालच्या बटणाचे बाजूचे दोन स्क्रू वरच्या बटणाच्या बाजूच्या दोन स्क्रूंना दोन तारांनी जोडायचे. वरच्या बटणाचा कॉमन दिव्याला न्यायचा आणि दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, जोडायचे. दोन्ही बटणे एकाच तारेवर आली, की वाट पुरी होते. वेगवेगळ्या तारांवर गेली, की तुटते. कोणतेही एक बटण हलवले तरी ‘एकाच तारेवर’चे ‘वेगवेगळ्या तारांवर’ किंवा त्याच्या उलट होते, म्हणून दिवा पालटतो. तीन मजल्यांसाठी मधल्या मजल्यावर चार स्क्रूंचे इंटरमीजिएट स्विच लागते, जे येणाऱ्या दोन तारा कधी सरळ पुढे सोडते, तर कधी त्यांची अदलाबदल करते. अशी कितीही बटणे मध्ये घालता येतात. तीन बटणांच्या आठ स्थितींपैकी चार स्थितींत दिवा लागतो, चार बटणांच्या सोळांपैकी आठ स्थितींत, आणि सगळे गणित सम-विषमावर चालते: लागलेल्या दिव्यापासून आरंभ केला, तर एकूण दाब सम झाल्यावर दिवा लागलेला आणि विषम झाल्यावर विझलेला असतो.

याच जिन्याच्या दिव्याची एक जोडणी अशी आहे, की जी कोड्याच्या अटी पुऱ्या करते पण माणसाच्या जिवाला धोका निर्माण करते, आणि ती अजूनही काही जुन्या इमारतींत आढळते. तीत दोन्ही टू-वे बटणांच्या बाजूच्या स्क्रूंना फेज व न्यूट्रल दोन्ही दिलेले असतात आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये जोडलेला असतो. एका बाजूला फेज आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रल आला की दिवा लागतो. दोन्ही बाजूंना एकच आला की विझतो. परंतु हे विझणे दोन प्रकारचे असते: दोन्ही टोकांना न्यूट्रल असताना होल्डर निर्धोक असतो, तर दोन्ही टोकांना फेज असताना, दिवा विझलेला दिसूनही, होल्डरवर पूर्ण २३० व्होल्टचा दाब असतो. दिवा बदलण्यासाठी हात घालणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. परिपथाचे उत्तर बरोबर येणे आणि परिपथ बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून अशी जोडणी आढळल्यास ती विनाविलंब बदलून घ्यावी आणि दिवा बदलताना मेन स्विच बंद करण्याची सवय कधीही सोडू नये.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, म्हणजे आयटीआयमधून, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यांचे शिक्षण घेणारे विद्यार्थी जिन्याच्या वायरिंगबरोबर गोडाउन वायरिंगही शिकतात, आणि तेही एक देखणे कोडेच आहे. लांबलचक गोदामात आत जाताना पुढचा दिवा लागावा आणि त्याच दाबासरशी मागचा विझावा, परतताना हा क्रम उलटा व्हावा, आणि जाणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी एकच बटण दाबावे लागावे, ही त्याची अट. दाराशी एक साधे बटण आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर एक टू-वे बटण बसवून, प्रत्येकाचे एक टोक मागच्या दिव्याला आणि दुसरे टोक पुढच्या बटणाच्या कॉमनला दिले, की ती पुरी होते. टू-वे बटण एका वेळी एकच वाट उघडी ठेवते, म्हणून एका वेळी एकच दिवा लागतो, आणि वीज वाचवण्यासाठी वेगळे काही करावेच लागत नाही.

बटणांच्या या जोडण्या म्हणजे तर्कशास्त्रच आहे, हे ओळखण्याचे श्रेय मुख्यत्वे क्लॉड शॅनन यांना दिले जाते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खरे-खोटे यांचे बीजगणित मांडले होते, ज्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचे काम चिन्हे करतात. एमआयटीमध्ये व्हॅनेव्हार बुश यांच्या गणनयंत्रावर काम करणाऱ्या २१ वर्षांच्या शॅननना त्या यंत्राच्या नियंत्रणासाठी वापरलेल्या रिले, म्हणजे विजेने हलणारी बटणे, हाताळताना असे दिसले, की एकसर जोडलेली बटणे ‘आणि’चा अर्थ देतात, समांतर जोडलेली ‘किंवा’चा, आणि म्हणून बूल यांचे बीजगणित परिपथांना जसेच्या तसे लागू पडते. १९३७ साली त्यांनी हा विचार पदव्युत्तर प्रबंधात मांडला आणि १९३८ साली तो प्रसिद्ध झाला. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत संघात व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही त्याच दशकात स्वतंत्रपणे याच दिशेने पोहोचले होते, याची नोंद न्यायाने केलीच पाहिजे. शॅनन यांच्या प्रबंधात दोन संख्यांची बेरीज करणारा रिलेंचा परिपथही होता, आणि बेरजेतला एकेका स्थानाचा अंक काढण्याचा त्यातील नियम जिन्याच्या दिव्याचाच आहे: दोन अंकांपैकी एकच अंक १ असेल तर उत्तर १, दोन्ही सारखे असतील तर ०. संगणकाच्या गर्भात आज जी बेरीज होते, तिचे मूळ तत्त्व जिन्यातल्या दोन बटणांत असे उघडे पडलेले आहे.

आता मूळ कोड्याकडे परत येता येईल. वाटेवरचे निरोप वाढवायचे आहेत आणि तारा वाढवायच्या नाहीत, तर बदलता येण्याजोगी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे धारेची दिशा. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते; भारतात ती सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा करते, म्हणजे सेकंदात ५० वेळा सुलटी आणि ५० वेळा उलटी वाहते. सुलटी धारा हा एक निरोप आणि उलटी धारा हा दुसरा निरोप मानला, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे चालू-बंद करता आल्या, तर चार स्थिती मिळतात: दोन्ही नाहीत, केवळ सुलटी, केवळ उलटी, दोन्ही आहेत. हवी होती तीच संख्या हाती आली. आता असा घटक हवा, जो दिशा ओळखतो.

तो घटक म्हणजे डायोड. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो पण बाहेर येऊ देत नाही, तसा डायोड धारेला एका दिशेने जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो. काही स्फटिक वीज एकाच दिशेने सहज वाहून नेतात, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ साली नोंदवली. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी टिपणारे साधन तयार केले, त्याच्या पेटंटसाठी १९०१ साली अमेरिकेत अर्ज केला आणि ते त्यांना १९०४ साली मिळाले. आजचा डायोड सिलिकॉनचा असतो, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळा, दोन्ही बाजूंना तारा असलेला, आणि त्याच्या एका टोकापाशी रुपेरी पट्टा असतो. धारा पट्टा नसलेल्या टोकाने शिरून पट्ट्याच्या टोकाने बाहेर पडू शकते. उलट जाऊ शकत नाही.

उकल अशी आहे. चार डायोड घ्यायचे आणि दोन बटणे व दोन दिवे यांपैकी प्रत्येकाच्या दोन टोकांवर एकेक डायोड समांतर जोडायचा. तांबड्या बटणावरचा आणि तांबड्या दिव्यावरचा असे दोन्ही डायोड केवळ उलटी धारा जाऊ देतील अशा बेताने बसवायचे. हिरव्या बटणावरचा आणि हिरव्या दिव्यावरचा, हे दोन्ही केवळ सुलटी धारा जाऊ देतील असे बसवायचे. आता तांबड्या दिव्याची अवस्था पाहावी. उलटी धारा आली, की तिला दिव्याच्या कुंतलातून जाण्याऐवजी डायोडची मोकळी वाट मिळते आणि ती दिव्याला वळसा घालून निघून जाते. सुलटी धारा आली, की डायोड अडवतो आणि तिला कुंतलातूनच जावे लागते. म्हणजे तांबडा दिवा केवळ सुलट्या धारेवर पेटतो. तांबड्या बटणाचेही तसेच: उलटी धारा डायोडमधून सदैव पार होते, बटण चालू असो वा बंद, बटणाची सत्ता केवळ सुलट्या धारेवर चालते. अशा रीतीने तांबडे बटण आणि तांबडा दिवा यांचा संबंध सुलट्या धारेपुरता, तर हिरवे बटण आणि हिरवा दिवा यांचा संबंध उलट्या धारेपुरता ठरतो, आणि एकाच कड्यात दोन स्वतंत्र परिपथ नांदू लागतात.

चारही स्थिती तपासून घेणे योग्य ठरेल. दोन्ही बटणे बंद असताना तांबडा डायोड सुलटी धारा अडवतो आणि हिरवा डायोड उलटी, म्हणून काहीच वाहत नाही. तांबडे चालू आणि हिरवे बंद असताना तांबड्या बटणातून दोन्ही दिशा मोकळ्या असतात, पण हिरव्या बटणावरचा डायोड केवळ सुलटी धारा सोडतो. ती तांबड्या दिव्याच्या कुंतलातून जाते, हिरव्या दिव्याला डायोडमार्गे वळसा घालते, आणि केवळ तांबडा दिवा लागतो. हिरवे चालू आणि तांबडे बंद, तर हेच सारे उलट्या दिशेने घडते. दोन्ही चालू असताना धारा दोन्ही दिशांनी वाहते, अर्ध्या वेळात तांबडा दिवा आणि अर्ध्या वेळात हिरवा दिवा उजळतो, आणि कुंतल इतक्या चटकन थंड होत नसल्यामुळे डोळ्यांना दोन्ही दिवे सतत लागलेले दिसतात. एक दिवा उडाला, तर त्याच्यापुरती दिशा बंद पडते, पण दुसरा दिवा डायोडच्या वाटेने निर्वेध चालू राहतो. माळेच्या एकसर जोडणीत जे होत नाही ते येथे होते.

प्रत्येक दिव्याला केवळ अर्धाच वेळ धारा मिळते, म्हणून त्याला मिळणारी शक्ती सुमारे निम्मी होते, आणि शिवाय वाटेतला प्रत्येक चालू डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर गाडीच्या मीटरमधले १२ व्होल्टचे छोटे दिवे लावले, तर ते मंद आणि तांबूस दिसतील. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर ६ व्होल्टचे दिवे लावले, तर ते जवळजवळ पूर्ण तेजाने लागतील. ४००७ क्रमांकाने दुकानदारांना ठाऊक असलेला, १ अँपिअर क्षमतेचा डायोड या कामाला पुरतो. हा प्रयोग घरातल्या २३० व्होल्टवर थेट करू नये; ट्रान्सफॉर्मर बंद डबीतला, तयार मिळणारा घ्यावा, तो १२ किंवा ९ व्होल्टची प्रत्यावर्ती धाराच देतो याची खात्री करावी, कारण मोबाइलचे चार्जर व बहुतेक अडॅप्टर दिष्ट धारा देतात आणि तिच्यावर हे कोडे चालत नाही. एलईडीचे घरगुती बल्बही येथे निरुपयोगी आहेत, कारण त्यांच्या पोटात स्वतःचा परिपथ असतो आणि तो धारेची दिशा आपल्या सोयीने बदलून घेतो.

जोडणीत एक चूक विशेष घातक आहे. दिव्यांपैकी एकाचा डायोड उलटा बसला, म्हणजे दोन्ही दिव्यांवरचे डायोड एकाच दिशेचे झाले, तर एक दिशा दोन्ही दिव्यांना वळसा घालून थेट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते, म्हणजेच शॉर्ट सर्किट होते, आणि डायोड क्षणात जळतात. म्हणून कड्यात १ अँपिअरचा फ्यूज घालणे आवश्यक आहे. प्रथम चाचणी घेताना त्याच्या जागी तिसरा एखादा दिवा एकसर लावला तर आणखी उत्तम, कारण चूक असेल तेव्हा तो दिवा झगझगीत पेटून इशारा देतो आणि नुकसान टळते. डायोडवरच्या रुपेरी पट्ट्यांची दिशा कागदावरच्या आकृतीशी ताडून पाहण्यात दोन मिनिटे घालवणे, हे या कोड्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

दिशेलाच निरोप बनवण्याची ही युक्ती निव्वळ वर्गातली नाही. तारायंत्राच्या काळात शहरांमधील तारा टाकण्याचा खर्च प्रचंड होता, आणि थॉमस एडिसन यांनी १८७४ साली विकसित केलेल्या चौपदरी तारायंत्राने एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश, दोन जाणारे आणि दोन येणारे, पाठवणे शक्य केले. एकाच बाजूने जाणाऱ्या दोन संदेशांपैकी एक धारेच्या दिशेत गुंफलेला असे आणि दुसरा तिच्या जोरात. पलीकडचे एक यंत्र केवळ दिशा ओळखत असे, दुसरे केवळ जोर. अलीकडच्या काळात, १९९५ साली, चार्ली अ‍ॅलन या अभियंत्याने सुचवलेल्या पद्धतीत प्रत्येक दोन तारांमध्ये दोन एलईडी परस्परविरुद्ध दिशांना जोडून तीन तारांवर सहा आणि चार तारांवर बारा एलईडी चालवता येतात. एलईडी स्वतःच डायोड असल्याने वेगळ्या डायोडची गरज तेथे उरत नाही.

ज्या वाचकांना हे कोडे आणखी पुढे नेऊन पाहायचे असेल, त्यांच्यासाठी पुढचा टप्पा तीन बटणे आणि तीन दिव्यांचा आहे. त्याला आठ स्थिती लागतात, आणि दोन तारांवर साध्या डायोडांनी चारच मिळतात, म्हणून तेथे तिसरी तार घ्यावीच लागते. पण ती तार दोन कड्यांची सामाईक परतीची वाट म्हणून वापरली, तर तीनच नव्हे, चार दिवे स्वतंत्रपणे लावता येतात. त्यासाठी आठ डायोड आणि चार बटणे लागतील, आणि ती जोडणी प्रत्यक्ष करण्यापूर्वी तिच्या सोळाही स्थिती कागदावर तपासून पाहाव्यात.